वाकळेचा उघडा कोपरा

कळस, ता. इंदापूर
२० जानेवारी १९९६

चि. सौ. दिपालीस, कळसच्या साखरबाईचा आशीर्वाद.

'सौ.' मुद्दाम ठळक लिव्हलंय. तुझ्या बापाला दाखीव.

तुझं पत्र मिळालं. शेजारची लक्ष्मीबाई ते घेऊन आली आन् "वाचून दाखवू का" म्हणली. मी म्हणलं, माझी चौथी झालीया, तू गप बस. वाचलं, आन् तव्यावरली भाकरी करपून गेली तरी मला वास आला न्हाय. लक्ष्मीबाईनं उठून तवा उतरवला.

तू लिव्हतीस की दादानं तुझ्यासाठी माणूस बघितलाय. सिद्धू नाव, वालचंदनगरला कॅन्टीनात कामाला, बायको बाळंतपणात गेली, गरीब सोभावाचा हाय. पंच म्हणत्यात, बिरूची आई एकदा सोताच्या तोंडानं म्हणू दे की पोरगा गेला, मग दुसऱ्या लगनाचं म्होतूर लावायला कुणाची हरकत न्हाय. आन् सगळ्यात खाली तू लिव्हलंस, "आत्या, तू वाकळंचा कोपरा शिव. तू शिवल्याबिगर मी त्या घरात पाऊल टाकणार न्हाय."

तर ऐक. मी शिवणार न्हाय.

दादा माझा सख्खा भाऊ. त्याची पोरगी मी हट्टानं सून करून आणली, भावकीत कितीतरी जणींनी नाकं मुरडली तरी आणली. आन् आज त्योच हिंदुराव तिला दुसऱ्याच्या उंबऱ्यात न्यायला निघालाय. कोपऱ्याची रीत त्याला इसरायला झाली असंल. माणसाच्या अंगावरल्या कपड्याची वाकळ शिवली तर त्यो माणूस जिता हाय तवर तिचा एक कोपरा उघडा ठेवायचा, दोन बोटं आत जातील येवढा. माणूस गेला की त्यात भाकरीचा घास घालायचा आन् टाकं मारून बंद करायचा, वाकळंचं पोट उपाशी राहू नये म्हणून. आमच्या आप्पांच्या वाकळंचा कोपरा आईनं असाच शिवला, तवा दादा शेजारी बसून रडत हुता. इचार त्याला.

बिरूला गेलेलं कुणी बघितलंय? कातरणीच्या आधी मेंढरं धुवायला धरणाच्या पाण्यावर घेऊन गेला. सांजच्याला मेंढरं घरी आली, वली चिंब, एका वळीनं, म्होरं काळी मेंढी. दारात तूबी उभी हुतीस. एक चुकलं न्हवतं. तेवढ्या लांबनं मेंढरं आपली आपण वळीनं येत्यात व्हय? कुणीतरी हाकत दारापातूर आणून सोडली. तू मला तवा म्हणलीस, "आत्या, मागं कुणी न्हाय." मी म्हणलं, येईल मागनं. अजूनबी तेच म्हणते. जाळी टाकली, पव्हणारी माणसं आणली, काय घावलं? चप्पलबी घावली न्हाय.

आता कामाचं. मी त्याच्या टी-शर्टांची वाकळ घातलीया, तुला ठावंच हाय. कबड्डीतली सगळी ट्रंकंतनं काढली. गावच्या संघाचं पिवळं, भिगवणचं हिरवं, इंदापूरचं पांढरं. बावड्याच्या जत्रंतलं निळं तू घेऊन गेलीस, ते पाठवून दे. डाळिंबी रंगाचं, बारामतीच्या सामन्यातलं, त्या दिवशी त्याच्या अंगावर हुतं. त्याची जागा मधी मोकळी ठेवते. आला की लावीन.

लोकं हसत्यात, बनियनच्या कापडाची वाकळ म्हणून. पण हा नाद त्यानंच लावला. भूकंपाच्या साली किल्लारीकडं गाडी जाणार हुती, पोरं जुनी टी-शर्ट आणून ढीग घालत हुती. त्यो म्हणला, "आई, असल्या पावसात नुसती कपडं काय करायची त्यांनी? वाकळा शिवून दे." सुई घातली की कापड वढायचं, टाका मारला की चुण्या पडायच्या. मग खाली जुन्या धोतराचं आस्तर दिलं तवा कुठं जमलं. तू नवी नवरी हुतीस, हळदीच्या हातानं टाकं घालायचीस आन् त्यो खांबाला टेकून तुला बघायचा. मला दिसत हुतं, मी गप हुते. टी-शर्टवाली पोरं सगळी जिती, म्हणून सगळ्या वाकळांचं कोपरं उघडं ठेवलं. गाडीवाला म्हणला, बाई, काम अर्धवट टाकलंय. मी म्हणलं, तसंच असतंय ते, तू गाडी हाक.

निळं टी-शर्ट लवकर पाठीव.

तुझी सासू,
साखरबाई


कळस
१६ मार्च १९९६

चि. सौ. दिपालीस, आशीर्वाद.

टी-शर्ट मिळालं. धुवून, इस्त्री करून पाठवलंस. धुवायला कुणी सांगितलं हुतं तुला? नाकाला लावलं तर नुसता साबण. दिसभर तुझ्यावर जळत हुते. सांजच्याला ध्यानात आलं की तू ते इतकं दिवस तसंच ठेवलं असशील आन् दारात पाव्हणा आला तवा धुतलं असशील. तेवढं मला कळतंय. तरी धुवायचं न्हवतं.

वाकळ झाली. चारी बाजूंनी रंग, मधी धोतराचा पांढरा चौकोन. पिवळ्या टी-शर्टावरला सातचा आकडा हाय तसा ठेवलाय, त्याच्या हातच्या टाक्यांसकट. ती गोष्ट तुला सांगितली न्हाय वाटतं. शाळंत हुता, सकाळी सामना, आन् आकडा शिवून दे म्हणून माझ्यामागं लागला. आदल्या दिवशी मेंढरं दुसऱ्याच्या मक्यात घातली हुती म्हणून मी रागात, सुई दिली पण रिळातला दोरा दिला न्हाय. तर ह्यानं काय करावं? त्याच टी-शर्टाच्या खालच्या कडंचा दोरा वढून काढला. असला दोरा कुरळा निघतो, सरळ कराय गेलं तरी परत मुरडतो. त्याच कुरळ्या दोऱ्यानं आकडा शिवला. डावरा माणूस, सगळं टाकं उलट्या बाजूला कललेलं. सामना जिंकून आला आन् मला म्हणला, "बघ, तुझ्या दोऱ्याबिगर." गावात त्याला डावरा बिरू म्हणायची ती उगं न्हाय. त्याची चढाई कुठनं येती तेच कळायचं न्हाय कुणाला.

आता दुसरं सांगते. दादाला सांगू नगंस.

उघड्या कोपऱ्यातनं वाळू निघतीया. धरणाच्या काठची, बारीक, शिंपल्याचा चुरा असलेली. सकाळी अंगणात वाकळ झटकली की पडती. पयल्यांदा वाटलं, ट्रंकंत असंल. मग आस्तर एका बाजूनं उसवून बघितलं, आत काय न्हाय. परत शिवलं, परत वाळू. आन् मधला पांढरा चौकोन वाळत न्हाय. बाकीची वाकळ उन्हात कडक हुती आन् तिथं हात ठेवला की गार. लक्ष्मीबाईला दावलं. ती म्हणली, जाड आस्तर हाय, वल धरतंय. तुला माहीत हाय तसं, त्यांच्यात असलं काय मानत न्हाईत. तिचं मालक साहेबराव हुतं तवा तर भूतबाधा म्हणलं की उठून जायचं. मी म्हणलं बरं, आस्तर तर आस्तर.

तू लिव्हलंस की त्यो तुझ्या सपनात येतोय. दारात उभा ऱ्हातो, कपडं निथळत्यात, बोलत न्हाय, नुसता डावा हात म्होरं करून अंगठा आन् बोट जुळवून दावतो. तू म्हणतीस, सुई मागतोय. तू सोताच्या सोयीचं बोलतीस. अंगठा आन् बोट जुळवून घासबी मागत्यात. त्याला भूक लागली असंल. मी रोज एक भाकरी त्याच्या वाट्याची दुरडीत झाकून ठेवते, सांजच्याला कुत्र्याला घालते. आन् खरं सांगू का, माझ्या सपनात त्यो एकदाबी आला न्हाय. आईला सोडून बायकूच्या सपनात जातोय. मला लई वाईट वाटलं तुझं पत्र वाचून.

कामाला तोटा न्हाय. वालचंदनगरच्या एका साहेबाची बायको आलती. पोरगा शिकायला पुण्याला हॉस्टेलात चाललाय, त्याची लहानपणापासूनची टी-शर्ट जोडून वाकळ पायजे, आठवण म्हणून. एवढाली एवढाली टी-शर्ट, माझ्या मांडीवर मावतील येवढी. कोपरा उघडा ठेवणार हे तिला आधीच सांगून ठेवलंय.

तुझी सासू,
साखरबाई


कळस
५ मे १९९६

चि. सौ. दिपालीस, आशीर्वाद.

तुझा तो सिद्धू येऊन गेला. तू पाठवलंस का आपला आपण आला ते त्यानं सांगितलं न्हाय. पण त्याच्या आधी काय झालं ते सांगते, मग त्याचं.

भर दुपार हुती. वाकळ अंगणात बाजंवर वाळत घातलेली, मी आत कापड कापत बसलेली. लक्ष्मीबाई दोरा मागायला आली आन् दारातनंच बारीक आवाजात म्हणली, "पाव्हणं आलंय व्हय? येवढ्या उन्हात कोण निजलंय?"

मी म्हणलं, कुणी न्हाय.

दोघींनी दारात उभं राहून बघितलं. वाकळ बाजंवर सपाट न्हवती. खाली कुणी डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन निजावं तशी वर आलेली. खांदा हितं, गुडघं तितं. बिरू तसाच निजायचा, तुला म्या सांगायला नगं. लिंबाचं पान हलत न्हवतं. लक्ष्मीबाई म्हणली, "वारं शिरलं असंल." मला वाटत हुतं की बोललं तर उठंल.

मग लक्ष्मीबाईच म्होरं गेली, मला मागं सारून. धिराची बाई. तिनं कड धरून वाकळ वर उचलली. खाली बाजंचं सुंभ वलं हुतं, माणसाच्या आकाराचं, बाकी सगळं खडखडीत कोरडं. तिनं वाकळ परत ठेवली ती सपाट बसली. दोरा न घेताच ती घरी गेली. आता माझ्याकडं येती ती सकाळच्याच पारी येती, दुपारची येत न्हाय. इचारलं तर म्हणती, ऊन लई हाय.

आन् मला भ्या वाटलं का? न्हाय. मला बरं वाटलं. घरात आलाय, निजलाय, मग जिता हाय. असं मी सोताला सांगितलं.

त्याच आठवड्यात सिद्धू आला. टी-शर्टांचं गठुडं घेऊन. कॅन्टीनातल्या पोरांची जुनी टी-शर्ट, पुढच्या थंडीत ऊसतोडीच्या पालावर वाकळा वाटायच्या म्हणून गोळा केलेली. मी ओळखलं कोण त्ये, पण गठुडं ठेवून घेतलं. पालावरल्या पोरांनी काय घोडं मारलंय?

"आत्या, मी बळजबरी करायला आलो न्हाय," म्हणला.

"मला आत्या म्हणू नगं."

"मग काय म्हणू?"

"काय म्हणू नगं. च्या पी आन् जा."

च्या प्याला. कप धुवून पालथा घातला. असली माणसं मला आवडत न्हाईत, त्यांच्यावर चिडता येत न्हाय. मग बाजंवरली वाकळ बघत उभा राहिला. भुईला टेकलेल्या तिच्या कडंवरनं पाय टाकून सहज गेला असता, पण वळसा घालून गेला. पांढऱ्या चौकोनाकडं बोट केलं, "हितं काय लावणार?"

"ज्याचं हाय त्यो आणंल."

मग म्हणला, "माझ्या बायकूच्या लुगड्यांची मी शिवून घेतलीया. टाका मारायला हात उठना. कोपरा अजून उघडाच हाय."

मी त्याला फाडकन बोलले. "तिचा कोपरा उघडा ठेवून दुसरी करायला निघालास? लाज न्हाय वाटत?"

तर म्हणला, "दिपाली म्हणती, दोन्ही कोपरं एका दिवशी शिवू. तोवर थांबू. मी थांबतो, आत्या. मला घाई न्हाय."

परत आत्या म्हणलाच.

गेल्यावर मी तुझा इचार करत बसले. तू दोन माणसांना दोन कोपऱ्यांनी धरून ठेवलंस, आन् मी तुम्हा सगळ्यांना एका कोपऱ्यानं. तुझं वय काय, न्हाण आल्यापासनं दोन हात मोकळं कधी बघितलंस तू? हे सगळं मला कळतंय, दिपाली. पण सुई हातात घेते, कोपऱ्याजवळ नेते, आन् आतनं गार हवा येती, पाण्यावरनं यावी तशी. आत कुणीतरी हाय. जित्या पोराच्या तोंडावर टाका मारायचा का मी? तूच सांग.

मी शिवणार न्हाय. आता रागानं म्हणत न्हाय. मला जमणार न्हाय म्हणून म्हणते.

तुझी सासू,
साखरबाई


कळस
२३ मे १९९६

दिपालीस,

खरं सांग. तू आली हुतीस का?

काल सकाळी मी आन् लक्ष्मीबाई त्या साहेबाच्या बायकूची वाकळ द्यायला वालचंदनगरला गेलो. क्वार्टरात गेलो, तिनं पोराचा पाळण्यातला फोटो दावला, च्या-बिस्किट झालं, एसटीनं परत आलो. घराला मी सोता कुलूप लावलं हुतं, किल्ली माझ्या कनवटीला. कुलूप हाय तसंच हुतं. मी उघडलं, आत गेले, वाकळ बाजंवर घडी घातलेली. मी घडी घातली न्हवती.

कोपरा शिवलाय.

दुरडीतल्या भाकरीचा घास मोडलेला. बाकी भाकरी तशीच. बाजंपासनं दारापातूर खाली वल हुती.

दुसरी किल्ली तुझ्याकडं हाय. जाताना दिली न्हाईस, मी मागितली न्हाय. घाई झाली का तुला येवढी? पंचांकडं गेली असतीस, मला दोन शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. बंद घरात शिरून, माझ्या पाठीमागं, माझ्या पोराचा कोपरा शिवलास. सिद्धू थांबतो म्हणला हुता, तुलाच थांबवलं न्हाय.

मी अजून उसवला न्हाय. तू ये आन् माझ्यासमोर उसव. न्हाईतर मी दादाच्या दारात येऊन बसते, सगळ्या बावड्याला ऐकू जाईल असं बोलते.

साखरबाई


कळस
४ जून १९९६

चि. सौ. कां. दिपालीस, आशीर्वाद. अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं. पत्राआधी किल्ली खाली पडली. सगळी गंजलेली. तू लिव्हलंस की आत्याच्या घरची म्हणून ती मोरीवरच्या कोनाड्यात ठेवली हुती, हात लावायचं धाडस झालं न्हाय. मी ती कुलपाला लावून बघितली. निम्मी आत गेली आन् अडकली, तेल सोडलं तवा निघाली. म्हणजे तू आली न्हवतीस. मी तुला जे बोलले ते लई वंगाळ बोलले. तुझ्या बापाच्या घरात त्या दिवशी सगळी पाव्हणी हुती हेबी त्यानं दुसऱ्या कागदावर लिव्हून पाठवलंय, सोताची सही करून. त्याला सांग, बहिणीला साक्षी-पुरावं कशाला देतो.

तुझं पत्र वाचल्यावर मी लक्ष्मीबाईला बोलावलं. दुपार हुती तरी आली. वाकळ दारात उजेडाला नेली. तिनं चष्मा लावला, कोपरा हातात घेतला, आन् एकेक टाका बोटानं चाचपत गेली.

मग मला म्हणली, "साखरबाई, गाठ कुठं हाय?"

मी म्हणलं, असंल की.

"न्हाय," म्हणली. "सुरवातीची गाठ आत दडवता येती. पण बंद करताना शेवटची गाठ बाहेरच येती, आपण बाहेर असतो म्हणून. हितं बाहेर गाठच न्हाय." तिनं माझं बोट धरून कापडावरनं फिरवलं. आतल्या बाजूला गाठ लागली. थोडं म्होरं दुसरी लागली. दोन्ही आत. "हा कोपरा बाहेरनं शिवलेला न्हाय," म्हणली. लक्ष्मीबाई म्हणली हे, जी असलं मानत न्हाय ती. चष्मा काढून पदरानं पुसत राहिली.

मग मी बघितलं. आधी रागात बघितलंच न्हवतं. टाकं सगळं उलट्या बाजूला कललेलं. सातच्या आकड्याजवळ नेऊन ठेवलं तर तेच टाकं, एक मोठा, एक बारका, मधी एक चुकलेला. आन् दोरा रिळाचा न्हाय. कुरळा. बोटानं सरळ केला तरी परत मुरडत हुता. रंग डाळिंबी.

डाळिंबी कापडाची एक चिंधी माझ्या घरात न्हाय, पोरी. सगळी गठुडी उपसून बघितली. ते टी-शर्ट त्याच्या अंगावर हुतं.

आत बोटाला कडक लागतंय काहीतरी, घासाएवढं. ते काय हाय ते मी उसवून बघितलं न्हाय, बघणारबी न्हाय. दोन बायका दारात बसून रडलो. मी आजपातूर त्याच्यासाठी रडले न्हवते, रडलं तर गेला असं हुईल म्हणून. त्या दिवशी पोटभर रडले. लक्ष्मीबाई माझ्या पाठीवरनं हात फिरवत हुती आन् सोताबी रडत हुती, साहेबरावांच्या नावानं का बिरूच्या ते तिलाच ठावं.

मला आता कळतंय, त्यो तुझ्या सपनात सुईच मागत हुता. तुझं बरोबर हुतं. मी घास म्हणलं, तर तेबी बरोबर हुतं. दोन्ही त्यानं आपलं आपण घेतलं. माझ्यानं शिवणं झालं नसतं हे त्याला ठावं हुतं. लहानपणीबी मी दोरा दिला न्हाय तवा त्यानं सोताच्या अंगातल्या कापडाचा काढला हुता. मी किती येळ त्याला तसाच ताटकळत ठेवला, वल्या कपड्यात, दारात. ह्याचं मला लई दुःख हाय आन् ते जाणार न्हाय.

त्या दिवसापासनं वाळू पडत न्हाय. पांढरा चौकोन वाळला. मी त्याच्यावर हात ठेवून बसते तर नुसतं कापड लागतंय, उन्हानं तापलेलं. त्यात काय लावणार न्हाय, तसाच पांढरा राहू दे.

परवा पंच बसवलं. सोताच्या तोंडानं सांगितलं, माझा पोरगा गेला, माझ्या भाचीला मोकळं करा. कोपरा कुणी शिवला असं कुणी इचारलं न्हाय. सगळ्यांला वाटतंय मी शिवला. वाटू दे. लक्ष्मीबाईनं कुणाला सांगितलं न्हाय, मी तुलाच सांगते. सिद्धूला सांगायचं का न्हाय ते तू बघ. पण एक त्याला सांग, त्याच्या बायकूचा कोपरा त्यानंच शिवायचा, सोताच्या हातानं, आन् घास घालायला इसरायचं न्हाय. उशीर करू नगं म्हणावं. आपण उशीर केला की त्यांना यावं लागतंय.

म्होतूर श्रावणाच्या आधी उरकून घ्या. मी येणार हाय, बोलावलं तरी आन् न्हाय तरी. तुझ्यासाठी वाकळ घातलीया. तुझी शाळंतली खो-खोची टी-शर्ट हितंच ऱ्हायली हुती, बिरूच्या ट्रंकंत, त्याच्या टी-शर्टांखाली. त्यानं ठेवली हुती वाटतं. ती, आन् सिद्धूनं आणलेल्या गठुड्यातलं एक त्याचं सोताचं निघालं, खिशावर नाव हाय, ते. दोन्ही शेजारी लावलीत. पालावरल्या पोरांच्या वाट्यातलं एक घेतलं, तेवढं मला माफ. ह्या वाकळंचा कोपरा उघडा ठेवलाय. लई वर्षं उघडा राहू दे. तुझ्या नातवंडांनी त्यात बोटं घालून वाकळ फाडू दे.

बाकी बरं हाय. आज सकाळी चूल पेटवली, पीठ मळलं, आन् सवयीनं दुसरा गोळा केला. मग त्यो परत पिठात मिसळला. एकच भाकरी थापली, माझ्यापुरती, आन् खाल्ली.

तुझी आत्या,
साखरबाई